डब्याचं टेबल मोडू नका

‘दोन लाइन एकत्र केल्यापासून जुने-नवे वेगवेगळे जेवतात, एकमेकांच्या चुकांचे फोटो मला व्हॉट्सॲपवर टाकतात. एचआरकडे जाऊ का?’ हे तुमचं वाचलं आणि चाकणची माझी असेंब्ली लाइनच आठवली.

फॉर्मिंग-स्टॉर्मिंग, म्हणजे गट आधी जमतो, मग भांडतो, मग रुळतो हे टप्पे, ट्रेनिंगमध्ये झालंच असेल, ते सोडतो. फक्त टकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली ते टप्पे मांडले ते बहुतेक थेरपीच्या आणि ट्रेनिंगच्या गटांवरच्या अभ्यासांतून. त्यामुळे ‘स्टॉर्मिंग आहे, सरेल आपोआप’ म्हणून हातावर हात ठेवून बसू नका.

माझी घोडचूक सांगतो. हात धुवायच्या नळाजवळचं टेबल म्हणजे जुन्या सात जणांचा अड्डा. मला ती गटबाजी वाटली. मी पाळ्या बदलून सातही जण पांगवले. त्यांतले एक काका रात्रपाळीला गेले. काकांच्या खिशात कायम पिवळा मार्कर. नव्या पोराचा बोल्ट सैल राहिला की एक शब्द न बोलता स्वतः पाना फिरवायचे, खूण करायचे आणि पुढे जायचे. हे मला कधी दिसलंच नव्हतं. रीवर्कच्या, म्हणजे चुकलेला माल पुन्हा दुरुस्तीला ठेवायच्या, रॅकवर माल साचायला लागला तेव्हा कळलं. चार महिन्यांनी काकांना दिवसपाळीला परत आणलं. आले, पण मार्कर काही खिशात दिसला नाही.

एचआरकडेही गेलो होतो. त्यांनी रिसॉर्टची सहल काढली. जुने एका बसमध्ये, नवे दुसऱ्या. मग बोर्डावर नोटीस, ‘गटबाजी खपवून घेतली जाणार नाही.’ तक्रार कुणाची, हे दुपारच्या चहापर्यंत सगळ्यांना ठाऊक. वर्षभर मी आलो की गप्पा बंद. असो.

अमेरिकेतल्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२मध्ये एका खोलीत १४ कामगारांचं निरीक्षण केलं, तर तिथंही दोन कंपू निघाले. जो फार भरभर काम करेल त्याच्या दंडावर गुद्दा! हा नियम वरून कुणी काढलेला नव्हता, तसा नोटिशीने जाणाराही नव्हता.

माझ्या मते (तुमचं ऑफिस असेल तर गणित वेगळं) त्यांना जेवू दे वेगळं. काम मात्र जोडीचं द्या, एक जुना एक नवा, पाळी बदलताना चार्जही दोघांनी मिळून द्यायचा. खंडेनवमीच्या पूजेची वर्गणी नव्यांतल्या कुणाला तरी गोळा करायला लावा, निदान प्रत्येकाचं नाव तरी कळतं. फोटो पाठवणाऱ्याला एवढंच विचारा, ‘त्याला सांगितलंस का?’

जातीवरून टोमणे किंवा बायकांना त्रास असेल तर मात्र यातलं काहीही करत बसू नका, सरळ लेखी तक्रार. आणि नव्यांत कॉन्ट्रॅक्टवाले किती, ते लिहा. पगारातला फरक असेल तर भांडण डब्याचं नाहीच.