ग्रीक तत्त्वज्ञान: पहिलं पुस्तक कोणतं घ्यावं?

गथ्रीच्या ‘अ हिस्टरी ऑफ ग्रीक फिलॉसॉफी’चे सहाही खंड एकदम मागवू नका. काम जबरदस्त आहे, पण सॉक्रेटिस तिसऱ्या खंडात येतो. तोवर तुम्ही दमाल. ते संदर्भाला ठेवा.

सुरुवात प्लेटोच्या छोट्या संवादांनी करा. ‘युथिफ्रो’ एका बैठकीत होतो. सख्ख्या बापावर खुनाचा खटला भरायला निघालेला माणूस न्यायालयाबाहेर सॉक्रेटिसला भेटतो, आणि पावित्र्य म्हणजे काय ते सांगता सांगता त्याची पार भंबेरी उडते. देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, की पवित्र असतं म्हणून आवडतं? इथे अडखळलात तर उत्तमच. इंग्रजी भाषांतर ग्रुबचं घ्या, सरळ आहे.

विकत घेताना एवढं बघा:

- प्लेटोच्या पुस्तकात समासात २ए, १०ए असे आकडे हवेत. स्टेफानसने १५७८मध्ये छापलेल्या प्लेटोच्या आवृत्तीतले हे पृष्ठांक सगळे अभ्यासक वापरतात. ते नसतील तर पुस्तक परत ठेवा.
- सॉक्रेटिसपूर्व विचारवंतांवर ‘द प्रीसॉक्रेटिक फिलॉसॉफर्स’ नावाची दोन पुस्तकं आहेत. कर्क-रेवनचं हवं असेल तर १९८३ची, स्कोफिल्डसह आलेली दुसरी आवृत्ती बघा. बार्न्सचं तर्काच्या अंगाने जातं, नवख्याला जड. त्याचंच पेंग्विनचं ‘अर्ली ग्रीक फिलॉसॉफी’ मात्र खुशाल घ्या.

बर्ट्रांड रसेलचा पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास वाचायला मजा येते, पण एकट्या त्याच्या भरवशावर प्लेटोबद्दल मत बनवू नका. अॅरिस्टॉटल? आधी नीतिशास्त्र. ‘मेटाफिजिक्स’ला इतक्यात हात लावू नका.