नव्या सुपरवायझरला चार शब्द

बांधकामाच्या साइटवर रुजू झालास, आता तुझ्या हाताखाली अठरा-एकोणीसची पोरं येतील. त्यांचं एक लक्षण पक्कं ओळखून ठेव: समजलं नाही तरी "हो साहेब" म्हणतात. म्हणून "कळलं का?" असं विचारूच नकोस. "सेफ्टी बेल्टचा हूक कुठे अडकवशील, दाखव" म्हण. निम्मी पोरं तो परांचीच्याच सैल बांबूला लावतात. हूक डोक्याच्या वर, स्वतंत्र लाइफलाइनला (म्हणजे आधारासाठी वेगळ्या बांधलेल्या दोराला) किंवा पक्क्या बीमला हवा. कमरेखाली लावला तर पडताना झटका जबर बसतो. हेल्मेटचा पट्टाही हनुवटीखाली बांधायला लाव, नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट माणसाच्या आधी खाली पोचतं.

स्लॅबच्या दिवशी गमबूट नसलेल्याला ओल्या काँक्रीटमध्ये उतरवू नकोस. सिमेंट कातडी भाजतं, आणि ते लगेच जाणवत नाही.

पहिल्या आठवड्यात नव्या पोराला जुन्या गवंड्याच्या जोडीला दे. गावाकडून एकटा आलेला, जेवताना बाजूला बसणारा, रात्रभर जागून कामावर येणारा असेल तर त्याला उंचावर पाठवू नकोस. चहाला बोलाव. गरज वाटली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दे. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि हजेरी चोख लिही. वर्षात ९० दिवस काम भरलं की पोराला बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करता येते. मुकादम टाळाटाळ करेल, तरी ९० दिवस काम केल्याच्या दाखल्यासाठी त्याच्या मागे लाग.