माझ्या मुलीला फॅशनचं वेड आहे आणि तिला जपानी आयडॉल, म्हणजे तिथली गाणारी-नाचणारी तरुण स्टार, व्हायचंय. असं कुणी खरंच झालंय का?

झालंय, आणि साधारण तुमच्या मुलीच्याच वयापासून सुरुवात करून. तुम्ही लिहिलंय की ती पंधराची आहे, गाणं शिकलेली नाही, नाच गॅदरिंगपुरता, पण कपड्यांवरून घरात रोज महाभारत. मग क्यारी पाम्यू पाम्यू ही जपानी गायिका तुम्हाला माहीत असायलाच हवी. (नाव भरभर तीनदा म्हणून बघा. जपानी टीव्हीवरचे निवेदकसुद्धा अडखळतात.)

आधी ही मुलगी कुठल्या मातीतली ते सांगते. मी तोक्योत निशी-कासाईला चार वर्षं होते. रविवारी तोझाई लाइन पकडायची, ओतेमाचीला गाडी बदलायची, मेइजी-जिंगुमाएला उतरलं की हाराजुकू, तरुणांच्या चित्रविचित्र फॅशनचा भाग. एकदा माझ्यासमोरच एका फोटोग्राफरने एका मुलीला थांबवलं. दोन पायांत दोन रंगांचे मोजे, डोक्यावरच्या टोपीला कापडी ससा टाचलेला. चार-पाच फोटो झाले आणि त्याने तिच्या हातात एक फॉर्म दिला: वय, टोपी कुठली, स्कर्ट कुठला, मोजे कुठले. सॅक मांडीवर घेऊन, तिचंच टेबल करून ती फॉर्म भरत बसली. टोपीच्या रकान्यात तिने लिहिलं, ‘स्वतः शिवली’. ते लिहिताना काय ऐट होती चेहऱ्यावर!

याला तिथे ‘स्ट्रीट स्नॅप’ म्हणतात. फोटो मासिकात छापून येतो, वाचकांना आवडला तर पुन्हा बोलावणं येतं आणि मुलगी ‘दोकुमो’ होते, म्हणजे वाचकांतूनच आलेली मॉडेल. रॅम्पवरच्या मॉडेलसारखी उंची लागत नाही. लागते ती स्वतःची अशी आवड, आणि लोक बघतायत म्हणून न अवघडण्याची सवय.

क्यारी याच वाटेने आली. जन्म जानेवारी १९९३चा, तोक्योचाच. शाळेत असतानाच ‘केरा’ आणि ‘झिपर’ या मासिकांत झळकली. जोडीला ब्लॉग होता. तिच्या वयाच्या मुली गाल फुगवून, डोळे मोठे करून गोड फोटो टाकत होत्या, तेव्हा ही तोंड वेडंवाकडं करून फोटो टाकायची. जपानीत त्याला ‘हेनगाओ’ म्हणतात. माझ्या मते तिचं खरं भांडवल हेच. नुसती गोड मुलगी हाराजुकूत दर चार पावलांवर भेटते. गोड असून स्वतःचं हसं करून घ्यायला तयार असलेली फारच विरळा.

मग २०११ साली असोबी सिस्टम या तिच्या एजन्सीने तिला गायला उभं केलं. गाणी लिहिणार, चाल देणार नाकाता यासुताका. ‘परफ्यूम’ या तीन मुलींच्या ग्रुपला नावारूपाला आणणारा तोच. पहिलं गाणं ‘पॉनपॉनपॉन’. त्याच्या व्हिडिओचा सेट मासुदा सेबास्तियानने मांडला, ज्याचं हाराजुकूत १९९५पासून रंगीबेरंगी कपड्यांचं दुकान. माळ्यावरचा पसारा खाली ओतावा तशी खोली, मधूनच उडणारे डोळे, पावाच्या स्लाइस आणि कानातून मायक्रोफोन काढणारी क्यारी! गोड आणि किळसवाणं एकाच ताटात. यूट्यूबवर ते जगभर पसरलं; फिनलंड आणि बेल्जियममध्ये आयट्यून्सच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या यादीत पहिलं आलं.

आवाज म्हणाल तर फार तयारीचा नाही. नाकाताने चालीच अशा बांधल्या की तो सपाट, बालिश आवाज खटकत नाही, उलट कानात बसतो. नाचही हातवाऱ्यांचा, लहान मुलांना लगेच जमावा असा. पुढचं गाणं चक्क खोट्या पापण्यांवर होतं, जानेवारी २०१२मध्ये आलं. आरशासमोर बसणाऱ्या मुलीचा रोजचा उद्योगच गाण्यात आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने तोक्योतल्या बुदोकान या मोठ्या सभागृहाच्या स्टेजवर कार्यक्रम केला, २०१३मध्ये जगाचा दौरा आणि २०२२मध्ये अमेरिकेतला कोचेला हा संगीत महोत्सव.

आता मुद्द्याचं. काटेकोरपणे बघितलं तर क्यारी आयडॉल नाहीच, पॉप गायिका आहे. आयडॉलचा कारभार वेगळा. ऑडिशन, मग ग्रुप, ग्रुपमध्ये कोण पुढच्या रांगेत आणि कोण मागच्या, चाहत्यांशी हस्तांदोलनाचे कार्यक्रम, अनेक ठिकाणी प्रेमप्रकरणाला बंदी. आणि तुमच्या लेकीसाठी सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे कपडे. ते ग्रुप ठरवतो. एकाच कापडातून बेतलेले ड्रेस, फार तर गळ्याचा आकार वेगळा. जिला शाळेचा युनिफॉर्म सोसत नाही ती तिथे किती दिवस टिकेल, हे तिला एकदा विचाराच.

दोन्हींच्या मधली वाट आहे. त्याच असोबी सिस्टमने २०२२मध्ये ‘फ्रूट्स झिपर’ हा आयडॉल ग्रुप उभा केला, तोही हाराजुकूच्याच नावाने. त्यांची निर्माती किमुरा मिसा स्वतः आधी दोकुमो आणि आयडॉल होती. या मुलींना २०२३मध्ये जपान रेकॉर्ड पुरस्कारांत सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळाला. मात्र मासिकांची ती जुनी शिडी आता मोडलीय. ‘फ्रूट्स’, ‘केरा’ आणि ‘झिपर’ या तिन्हींची छपाई २०१७मध्ये थांबली; ‘झिपर’ २०२२मध्ये परत आलं खरं, पण मुली आता टिकटॉक आणि इन्स्टाग्रामवरच सापडतात.

भाषेचं तुम्ही विचारलं नाहीत, पण त्यावाचून ऑडिशनच्या दारातूनच परत यावं लागेल. पुण्यात असाल तर जपानीचे क्लास भरपूर आहेत आणि जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेचं केंद्रही तिथेच आहे. जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. पाचव्या, म्हणजे सगळ्यात सोप्या पातळीपासून सुरू करू द्या. आणि शिलाई मशीन घरात असेल तर तिच्या खोलीत हलवा.