बिनपासिंगची वेगवान ई-स्कूटर: बचत की जोखीम?

प्रश्न: मी पंचवटीतून सिन्नरजवळच्या माळेगाव एमआयडीसीत रोज दुचाकीने जातो, येऊन-जाऊन साधारण 60 किलोमीटर होतात. नामांकित ई-स्कूटरला त्याच कंपनीची महाग बॅटरी लागते, म्हणून बाजारात कुठेही मिळणारा 60 व्होल्टचा पॅक बसेल अशी गाडी शोधत आहे. एक विक्रेता वेगमर्यादा काढलेली, ताशी 55 किलोमीटर धावणारी बिनपासिंगची स्कूटर 65,000 रुपयांत देत आहे. माझी शिल्लक 1,20,000 रुपये आहे. ही गाडी घ्यावी का?

उत्तर: घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नोंदणी, परवाना आणि विमा यांतून सूट मिळते ती 250 वॉटपेक्षा कमी क्षमतेच्या आणि ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या, अधिकृत चाचणी झालेल्या गाडीला. वेगमर्यादा काढताच ती सूट संपते आणि आपण विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहन चालवत आहात, असा त्याचा अर्थ होतो. नोंदणी नसल्याबद्दल पहिल्या वेळी 5,000 रुपयांपर्यंत आणि विमा नसल्याबद्दल 2,000 रुपये दंड होऊ शकतो; पण मला काळजी दंडाची नाही. पुणे महामार्गावर आपल्या गाडीची कुणाला धडक बसून तो जायबंदी झाला, तर मोटार अपघात दावा प्राधिकरण ठरवील ती संपूर्ण भरपाई आपल्याला स्वतःच्या खिशातून द्यावी लागेल, आणि त्या रकमेपुढे बॅटरीवर वाचवलेले पैसे नगण्य ठरतील.

कुठलाही पॅक बसावा ही आपली अपेक्षा रास्त आहे, परंतु पासिंग झालेल्या वेगवान गाड्यांमध्ये ती आज जवळपास पूर्ण होत नाही, कारण पॅकमधील बीएमएस (बॅटरीचे चार्जिंग आणि तापमान सांभाळणारे सर्किट) आणि गाडीचा कंट्रोलर (मोटारला जाणारी वीज नियंत्रित करणारा भाग) एकमेकांशी संवाद साधतात आणि परका पॅक गाडी सहसा स्वीकारत नाही. शिवाय ‘60 व्होल्ट’ हे नुसते लेबल आहे. एनएमसी आणि एलएफपी हे लिथियम बॅटरीचे दोन प्रकार आहेत. एनएमसी प्रकारचे 16 सेल ओळीने जोडलेला पॅक 67.2 व्होल्टला पूर्ण भरतो, तर एलएफपीचे 20 सेल असलेला पॅक 73 व्होल्टला. दुसऱ्याचा चार्जर पहिल्याला लावला, तर तो मर्यादेबाहेर चार्ज होऊ शकतो आणि घरातल्या आगीपासून आपल्याला वाचवणारे एकटे बीएमएस उरते. त्यातून मोहदरी घाटाच्या चढावर रोज जास्त करंट ओढला जाणार असल्याने जुन्या सेलचा स्वस्त पॅक फार काळ टिकणार नाही.

त्यामुळे पासिंगची, काढता येणारी बॅटरी असलेली आणि ऑन-रोड किंमत आपल्या शिलकीत बसणारी गाडी घ्या. वॉरंटी मात्र वर्षांत मोजू नका. आपले रनिंग महिन्याला 1,500, म्हणजे वर्षाला 18,000 किलोमीटर होते. ‘3 वर्षे किंवा 30,000 किलोमीटर, जे आधी होईल ते’ ही वॉरंटी आपल्यासाठी 20 महिन्यांत संपेल, आणि ‘8 वर्षे किंवा 80,000 किलोमीटर’ ही सुमारे साडेचार वर्षांत. विस्तारित वॉरंटीसाठी काही हजार रुपये जास्त मोजणे आपल्या बाबतीत मला पूर्णपणे योग्य वाटते.

लिटरला 50 किलोमीटर आणि 105 रुपये धरल्यास आपला पेट्रोलचा खर्च महिन्याला 3,150 रुपये होतो. तेवढ्याच अंतराला वीज 600 रुपयांच्या आसपास लागेल. उरलेल्या अडीच हजारांपैकी 1,000 रुपयांचे आवर्ती ठेव खाते पहिल्याच महिन्यात उघडा, म्हणजे पाच वर्षांत व्याज सोडून 60,000 रुपये नव्या बॅटरीसाठी तयार असतील. कर्ज काढण्याचा विचार असेल, तर ई-वाहनाच्या कर्जावरील व्याजासाठी आयकरात मिळणारी 80ईईबी कलमाची वजावट हिशेबात धरू नका. ती 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच लागू आहे.

बुकिंगची रक्कम भरण्यापूर्वी बदली बॅटरीची आजची किंमत, ती नाशिकच्याच सेवा केंद्रात मिळते का आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यास कंपनी ती बदलून देते, ही तीन उत्तरे शोरूमकडून लेखी घ्या. ती देण्यास कुणी टाळाटाळ केली, तर दुसरे शोरूम पाहा.