दिल्लीत एकटीने एका दिवसात काय काय पाहून होईल?

तुम्ही लिहिलंय, ऑफिसच्या कामाने नाशिकहून दिल्लीला जाताय, एक दिवस मोकळा आहे, सोबत कुणी नाही. तर लाल किल्ला, कुतुबमिनार, लोटस टेंपल आणि अक्षरधाम एका दिवसात उरकेल का? उरकतं. मी उरकलंय. म्हणूनच सांगते, तसं करू नका.

2006 मध्ये आम्ही घरचे सतरा जण टूरच्या बसने दिल्ली फिरलो. लाल किल्ल्याला पाऊण तास दिला होता. लाहोरी दरवाज्यातून आत शिरलं की छत्ता चौकात दोन्ही बाजूंना दुकानं. जाऊबाई बांगड्यांपाशी थांबल्या, मग सगळ्याच थांबल्या. मी ह्यांना म्हटलं, आपण पुढे होऊ. हे म्हणाले, "सगळ्यांना सोडून कुठे? किल्ला पाहिला ना, झालं!" नौबतखान्यापासूनच परत फिरलो. तेव्हा मला शाळेत इतिहास शिकवून पंधरा वर्षं झाली होती. पानिपतच्या आधी, 1760 च्या ऑगस्टमध्ये, फौजेला द्यायला पैसा उरला नाही म्हणून सदाशिवराव भाऊंनी दिवाण-ए-खासच्या, म्हणजे ह्याच किल्ल्यातल्या बादशहाच्या खास दरबाराच्या, छताची चांदी उतरवून नाणी पाडली, हे मी दर वर्षी फळ्यापुढे उभी राहून सांगायची. आणि ती जागा हाकेच्या अंतरावर असताना मी बसमध्ये जाऊन बसले.

2019 मध्ये ट्रेनिंगसाठी दिल्लीला गेले, शेवटचा दिवस रिकामा मिळाला. फोनवर घरच्यांशी वाद झालाच. म्हणे, एकटीने फिरण्यात काय मजा, दाखवायचं कुणाला? मी मेट्रोने लाल किल्ला स्टेशनला उतरले आणि सकाळीच आत गेले. छत्ता चौकात मान वळवली नाही. दिवाण-ए-खासच्या आत जाऊ देत नाहीत, कडेनेच पाहायचं. आता वर रंगवलेलं लाकडी छत आहे. खांबांच्या तळाशी संगमरवरात फुलं कोरलीत; काही पाकळ्यांच्या जागी नुसत्या खोबणी, आतला रंगीत दगड गेलेला. चांदी उतरवूनही ती रसद पुरली नाही, पुढच्या जानेवारीत उपाशी फौज लढायला उतरली, हे वर्गात शंभरदा सांगितलं होतं. तिथे उभं राहिल्यावर पहिल्यांदा रडू आलं. आणि "चला, चला" म्हणायला कुणी नव्हतं. नंतर हिरवळीवर बसून घरून नेलेला कोंडाजीचा चिवडा खाल्ला, पुन्हा जाऊन पाहिलं.

तर तुमचं उत्तर: दोनच ठिकाणं. सकाळी लाल किल्ला, दुपारनंतर हुमायूनची कबर. परतीची गाडी निजामुद्दीनहून असेल तर कबर स्टेशनपासून जवळच पडते. कुतुबमिनार शहराच्या दक्षिण टोकाला आहे, त्याच्या नादी लागलात तर दिवस प्रवासात जाईल. फिरायला सोबत लागते हे लोकांनी उगाच डोक्यात भरवलंय. पाहायला लागते ती सवड, आणि गोतावळ्यात तीच मिळत नाही.

हो, एक राहिलं. मोकळा दिवस सोमवार असेल तर लाल किल्ला बंद असतो. लोटस टेंपल आणि अक्षरधामही. मग कुतुब आणि हुमायून करा. मेट्रोचा सगळ्यात पुढचा डबा बायकांचा असतो. मे महिन्यात जात असाल तर दुपारी तो लाल दगड फार तापतो, उघडल्या उघडल्या जा. आणि घरून फोन येतील. आत असताना उचलू नका, बाहेर आल्यावर करा.