सोलापुरातल्या जुन्या घराची मधली भिंत पाडून हॉल मोठा करता येईल का?

आधी घर लोड बेअरिंग (वजन भिंतींवर) आहे की आरसीसी फ्रेमचं (सळई-काँक्रीटच्या आडव्या बीम आणि उभ्या कॉलमच्या सांगाड्याचं), ते बघा. फ्रेममध्ये स्लॅबचं वजन बीमवर, बीमवरून कॉलमवर आणि कॉलममधून फुटिंगला, म्हणजे पायाला जातं. मधली भिंत नुसता आडोसा असते, त्यामुळे ती सहसा काढता येते.

लोड बेअरिंगमध्ये भिंतच कॉलमचं काम करते. आपल्याकडची माळवदाची (मातीच्या सपाट छताची) काही घरं याच प्रकारची (काहींत वजन लाकडी खांबांवर असतं), आणि 9 इंची विटांच्या भिंतींवर थेट स्लॅब टेकवलेली जुनी घरंही. तिथे टेकू आणि लोखंडी गर्डर न देता भिंत काढली तर छत खाली येऊ शकतं.

जाडीवरून अंदाज येतो, पण खात्री नाही. फ्रेमच्या घरातही 9 इंची भिंत असते. छताजवळचं प्लॅस्टर थोडं खरवडा. स्लॅबखाली काँक्रीटचा बीम लागतो की थेट वीट, ते बघा. बीम लागला तरी तो दोन्ही टोकांना कॉलमवरच बसलाय ना, हेही तपासा.

शिवाय आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा गेल्या असतील तर पाया आधीच हलला असण्याची शक्यता आहे. मग स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय गवंड्याला छिन्नीसुद्धा लावू देऊ नका.