सूत्रधार पडद्यामागे नसतो

प्रश्न : ‘महाडच्या सत्याग्रहाचे पडद्यामागचे सूत्रधार रामचंद्र बाबाजी मोरे’ असं वाचलं. ‘सूत्रधार’ बरोबर आहे का, की ‘बोलावता धनी’ म्हणावं?

उत्तर : आधी ‘पडद्यामागचे’ खोडा. संस्कृत नाटकात नांदी झाली की प्रेक्षकांसमोर पहिला येतो तो सूत्रधारच. कटाच्या बातमीत हा शब्द रोज इतका नासवला जातो की दडून बसणं हेच त्याचं काम वाटायला लागलंय.

या गोंधळाला बाहुल्यांची व्युत्पत्ती खतपाणी घालते. सूत्रधार म्हणजे कळसूत्री बाहुल्यांचे दोरे धरणारा, हे मत संस्कृतचे अभ्यासक शंकर पांडुरंग पंडितांनी सुचवलं आणि पिशेल या जर्मन विद्वानानं १९०० साली जोरात मांडलं. त्याला मुख्य टेकू राजशेखराच्या ‘बालरामायण’ नाटकाचा, म्हणजे दहाव्या शतकाच्या आसपासचा. महाभारताचं आदिपर्व त्याच्या कितीतरी आधीचं. जनमेजयाच्या सर्पसत्राची भूमी आखली जात असताना ‘हे सत्र तडीस जाणार नाही’ असं बजावणारा तिथला सूत्रधार वास्तुविद्येत मुरलेला स्थपती, म्हणजे बांधकामाचा मुख्य कारागीर आहे. तिथे बाहुली कुठली आणायची?

सूत्र म्हणजे मापाची दोरी. भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय उघडा, त्यात नाट्यमंडप आखायची रीत आहे. पुष्य नक्षत्रावर पांढरी दोरी टाकायची. ती कापसाची, बल्वज किंवा मुंज गवताची किंवा झाडाच्या सालीची, पण सहजी न तुटणारी. मंडप ६४ हात लांब, ३२ हात रुंद. लांबीचे दोन भाग करायचे, मागच्या भागाचे पुन्हा दोन. त्यातल्या पुढच्यात रंगशीर्ष (रंगमंचाचा मागचा भाग), मागच्यात नेपथ्य (नटांची सजायची खोली). मोजताना दोरी अर्ध्यावर तुटली तर स्वामीचा मृत्यू, तिसऱ्या भागावर तुटली तर राष्ट्राचा कोप, चौथ्यावर तुटली तर प्रयोक्त्याचा, म्हणजे नाटक बसवणाऱ्याचा नाश. हातातून नुसती निसटली तरी काहीतरी हानी! दोरी धरणाऱ्यावर एवढी जबाबदारी. हाच ‘सूत्रधार’ प्राकृतातून झिजत आपल्या दारात ‘सुतार’ होऊन उभा आहे. फळीवर रंगाची दोरी ताणून तो रेघ मारतो, ‘दोन सूत कमी’ म्हणतो (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), तेव्हा हा शब्द त्याच्या मूळ अर्थानं जगत असतो.

राहिला ‘बोलावता धनी’. हा प्रयोगच चूक. बोलावणं म्हणजे हाक मारणं; दुसऱ्याच्या तोंडून वदवतो तो ‘बोलविता’. तुकोबांच्या अभंगात ‘साळुंकी मंजुळ बोलतसे वाणी । शिकविता धणी वेगळाची’ असं आहे आणि पुढे ‘विश्वंभरें बोलविलें’. लोकांच्या तोंडी दोन्ही मिळून ‘बोलविता धनी’ रुळला. तिथला धनी विठ्ठल आहे, पैसेवाला नव्हे. आंदोलनाला पैसा पुरवणारा तो बोलविता धनी, असा अर्थ कुणी लावत असेल तर तो साफ ओढूनताणून आणलेला.

मोऱ्यांना हा शब्द लावूच नका. महाडला कुणी कुणाच्या तोंडून बोलत नव्हतं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा मुंबई कायदेमंडळातला सी. के. बोल्यांचा ठराव १९२३चा, चवदार तळं खुलं करण्याचा महाड नगरपालिकेचा १९२४चा, दोन्ही कागदावरच राहिलेले. मार्च १९२७मध्ये तिथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरवायची, बाबासाहेबांना आणायचं, माणसं जमवायची, ही आखणी मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. परिषदेला पाणीसुद्धा ४० रुपये मोजून विकत घ्यावं लागलं होतं. म्हणून ‘सूत्रधार’ ठेवा, दोरी धरून आखणी करणारा या अर्थानं.